जुन्याला आयुष्य देणारे शब्द

एखादी वस्तू अधिक काळ टिकावी म्हणून माणूस जी खटपट करतो, तिच्यासाठी इंग्रजीत रूढ असलेले कितीतरी शब्द पंडितांच्या टाकसाळीत पडलेले नसून चांभार, शिंपी, शेतकरी आणि घरोघरच्या गृहिणी यांच्या हाताखाली घडलेले आहेत. आणि त्या हातांना समाजाने जो मान दिला अथवा नाकारला, त्याप्रमाणेच त्या शब्दांचेही दैव उजळले वा काळवंडले, असे त्यांचा इतिहास पाहताना मला स्पष्ट दिसते.

टिकणे या अर्थाचे 'लास्ट' हे साधे क्रियापद घ्या. प्राचीन इंग्रजीत या घराण्यातले नाम पावलाचा ठसा दाखवीत असे. त्या मागावरून चालत राहणे, हाती घेतलेले तडीस नेणे आणि अखेर टिकून राहणे, असा क्रियापदाचा अर्थविस्तार झाला. ज्या लाकडी फर्म्यावर चांभार जोडा घडवतो, त्याचेही 'लास्ट' हे नाव त्याच कुळातले आहे. अपुरा साठा पुरवून पुरवून वापरण्यासाठी योजल्या जाणाऱ्या 'ईक आउट' या प्रयोगातील 'ईक' म्हणजे मुळात वाढवणे, भर घालणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते थेट आपल्या संस्कृतातील 'ओजस्'शी जोडतात. 'हजबंड' हा शब्द तर स्कँडिनेव्हियातून घरधनी या अर्थाने आला आणि जपून, हात राखून खर्च करणे या अर्थाचे क्रियापद होऊन बसला. थॉमस टसर याने 1557 साली शेती आणि घरसंसार यांविषयीच्या शंभर हितोपदेशांचे पद्यमय पुस्तक काढले आणि 1573 पर्यंत त्याच उपदेशांची संख्या पाचशेवर नेली, यावरून त्या काळी ही काटकसर केवढ्या प्रतिष्ठेची विद्या मानली जात होती ते कळते.

परंतु या शब्दांचे खरे वैभव पाहायचे तर एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये, हेन्री मेह्यू या पत्रकाराचे बोट धरून फिरले पाहिजे. 1851 च्या सुमारास त्याने त्या शहरातील श्रमिकांची जी दप्तरे मांडली, त्यांत हाउंड्सडिचच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातील कारागिरांचे धंदेवार वर्णन आहे. विटलेल्या काळ्या कोटाच्या कोपरांवर आणि शिवणींवर रंगाचा हात फिरवून त्याला पुन्हा तकाकी आणणारा तो 'रिव्हायव्हर', म्हणजे पुनरुज्जीवन करणारा. आणि टाकून दिलेल्या बुटांतील धड कातडे वेचून, एकाचा वरचा भाग दुसऱ्याच्या तळाला जोडून, भेगा लुकणाने बुजवून त्यांतून चालता जोडा उभा करणारा तो 'ट्रान्सलेटर'. भाषांतरकारासाठी असलेली पदवी त्या भाषेने निःसंकोचपणे जुने बूट सांधणाऱ्या गरीब कारागिराला बहाल केली, ही मला त्या भाषेची मोठी थोरवी वाटते. सेव्हन डायल्समधील डडली स्ट्रीटवर तळघरांच्या तोंडाशी ओळीने मांडलेले असे बूट गुस्ताव्ह डोरे या फ्रेंच चित्रकाराने 1872 च्या आपल्या लंडनविषयक चित्रसंग्रहात अमर करून ठेवले आहेत.

याच शतकात एका शब्दावर मात्र अन्याय झाला. यॉर्कशायरमधील बॅटली गावी बेंजामिन लॉ याने 1813 च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्या तंतूंत नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची युक्ती प्रचारात आणली, आणि त्या मालाला 'शॉडी' म्हणू लागले. दातेरी यंत्रातून निघालेली ती लोकर आखूड तंतूची असली तरी गरिबाच्या अंगावर ऊब घालीत होती, उकिरड्यावर जाणारा जिन्नस पुन्हा कामी आणीत होती. पुढे अमेरिकेतील 1861 च्या यादवी युद्धात लबाड मक्तेदारांनी निकृष्ट शॉडीचे गणवेश सैनिकांच्या गळ्यात मारले, ते थोड्याच दिवसांत फाटले, आणि या शब्दाला 'तकलादू, भिकार' हा अर्थ कायमचा चिकटला. दोष मक्तेदारांचा, शिक्षा मात्र शब्दाला.

आपल्या मुंबईचाही या कोशात एक वाटा आहे. डोंगरीच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत शिरले आणि खलाशांच्या व कामगारांच्या टणक पोशाखाला 'डंगरी' हे नाव देऊन गेले.

दुसऱ्या महायुद्धात या साऱ्या गृहविद्येला सरकारी शिक्का मिळाला. 1 जून 1941 रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग जारी झाले; पहिल्या वर्षी प्रौढ माणसाच्या वाट्याला 66 कुपने आली, आणि पुरुषाच्या एका पूर्ण सुटालाच त्यांतली 26 खर्ची पडत. कुपने पुढे कमीच होत गेली, तेव्हा व्यापारखात्याने 1943 साली 'मेक डू अँड मेंड', म्हणजे आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा, या नावाची पुस्तिका घरोघर पोचवण्याची तजवीज केली. त्या काळच्या घरात चादर कशी वाचवीत, ते पाहण्यासारखे आहे. चादर नेहमी मधोमध विरते, कडा मात्र धड राहतात. म्हणून ती उभी मधोमध कापायची, दोन्ही धड काठ एकमेकांना जोडून शिवायचे, आणि विरलेला भाग बाजूंना गेला की तो दुमडून टाके घालायचे. मधली शिवण झोपताना पाठीला टोचत असे, पण चादर आणखी काही वर्षे निघत असे. या कृतीला 'साइड्स टू मिडल', अर्थात बाजूंची मध्यावर बदली, असे नाव होते. सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवून उलटी लावणे, मोज्याच्या टाचेत लाकडी अळंबी घालून तिच्यावर जाळीदार रफू करणे, ही कामेही आजीकडून नातीकडे जात आली होती. सरकारने त्यांना फक्त राष्ट्रकार्याचा दर्जा दिला. आपल्याकडेही त्याच युद्धकाळात 'कंट्रोल' हा शब्द कापडाला चिकटला होता, हे जुन्या पिढीला वेगळे सांगायला नको.

ब्रिटनमधील कपड्यांचे रेशनिंग 15 मार्च 1949 रोजी उठले. नवे कपडे मुबलक झाले, त्याबरोबर सुईदोऱ्याची ही भाषा घराबाहेर पडली, आणि हाताने करावयाच्या क्रियांची ती नेमकी नावे केवळ वृद्धांच्या तोंडी उरली. ही हानी मला पुस्तकांच्या हानीइतकीच गंभीर वाटते, कारण कृतीचे नाव गेले की ती शिकवण्याचे साधनच जाते. अलीकडे 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीचा हक्क, असा नवा शब्दप्रयोग कायद्याच्या दप्तरात आला आहे; 1 जुलै 2021 पासून ब्रिटनमध्ये धुलाईयंत्रे, फ्रिज, दूरचित्रवाणी संच अशा वस्तूंच्या उत्पादकांना सुटे भाग ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. मोबाइल आणि लॅपटॉप मात्र त्या नियमांतून वगळले गेले.