धूमकेतू उशिरा का आला?

स्मरणिकेसाठी लेख हवा असा निरोप आला, तेव्हा वाटलं की आठवणी लिहिणारे पुष्कळजण असतील. आपण आपल्या आवडीच्या गणिताची एक गोष्ट सांगावी. गोष्ट खरी आहे, आणि तिच्यातलं सर्वांत मोठं गणित तीन माणसांनी सहा महिने बसून हातानं केलेलं आहे.

सुरुवात शंकूपासून करू. शंकू थोडा तिरका कापला तर कापलेल्या जागी लंबवर्तुळ दिसतं. कापण्याची पातळी शंकूच्या कडेला समांतर ठेवली तर अन्वस्त मिळतो, आणि त्याहून उभी धरली तर अपास्त. या वक्रांना एकत्रितपणे शांकव म्हणतात. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञानं त्यांच्यावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. ग्रहांच्या कक्षांशी त्यांचा संबंध लागायला पुढे अठराशे वर्षं जायची होती.

तो संबंध जोडला योहान्स केप्लरनं. टायको ब्राहेनं केलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. वर्तुळावर आधारलेलं त्याचं गणित त्या नोंदींपासून आठ कलांनी चुकत होतं. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग. दुसऱ्या कुणी तो फरक निरीक्षणातली चूक म्हणून सोडून दिला असता. केप्लरचा टायकोच्या नोंदींवर विश्वास होता, म्हणून त्यानं वर्तुळच सोडून दिलं. १६०९ साली त्यानं जाहीर केलं की मंगळ लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका नाभीवर असतो. तसं का, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

जानेवारी १६८४ मध्ये लंडनमध्ये एडमंड हॅले, रॉबर्ट हूक आणि ख्रिस्तोफर रेन यांच्यात याच प्रश्नावर चर्चा झाली. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर ग्रहाचा मार्ग कसा असेल? सिद्धता आणणाऱ्याला रेननं चाळीस शिलिंगांचं पुस्तक देऊ केलं, पण दिलेल्या मुदतीत कुणाला ती आणता आली नाही. ऑगस्टमध्ये हॅले केंब्रिजला न्यूटनकडे गेला आणि त्यानं तोच प्रश्न विचारला. न्यूटननं तत्काळ उत्तर दिलं, लंबवर्तुळ! आपण हे गणित पूर्वीच केलंय, असंही तो म्हणाला, पण तो कागद काही सापडेना. नोव्हेंबरमध्ये त्यानं नऊ पानांचं टिपण पाठवलं. त्यातूनच वाढत जाऊन १६८७ चा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ झाला. रॉयल सोसायटीचे पैसे माशांवरच्या एका ग्रंथात अडकलेले होते, त्यामुळे छपाईचा खर्च हॅलेनं स्वतः केला.

न्यूटनच्या गणिताचं सार असं. विश्वात दोनच वस्तू आहेत असं समजा. त्या दोन्ही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि त्यांचा मार्ग नेहमी शांकवच असतो. कोणता शांकव, ते वेगावर ठरतं. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर एखाद्या वस्तूचा वेग सेकंदाला ४२ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती लंबवर्तुळात फिरत राहील. नेमका तेवढा असेल तर ती अन्वस्तावरून, आणि जास्त असेल तर अपास्तावरून कायमची निघून जाईल. आपली पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगानं जाते, म्हणून आपण अजून इथे आहोत.

मग हॅले धूमकेतूंकडे वळला. १७०५ मध्ये त्यानं २४ धूमकेतूंच्या कक्षा प्रसिद्ध केल्या. गणित सोपं व्हावं म्हणून त्या सगळ्या अन्वस्त धरल्या होत्या, कारण खूप लांबट लंबवर्तुळ सूर्याजवळच्या भागात अन्वस्तासारखंच दिसतं. त्यांतल्या १५३१, १६०७ आणि १६८२ या सालांच्या कक्षा जवळजवळ सारख्या निघाल्या. हा एकच धूमकेतू असावा आणि तो १७५८ च्या अखेरीस परत यावा, असं त्याचं अनुमान होतं.

पण एक अडचण होती. दोनच वस्तूंच्या विश्वात लंबवर्तुळाचा फेरा दर वेळी नेमका तितक्याच काळात पूर्ण व्हायला हवा. इथे पहिला फेरा ७६ वर्षांहून थोडा जास्त, तर दुसरा ७५ वर्षांहून थोडा कमी होता. हॅलेनं ओळखलं की मध्ये गुरू आहे. गुरूचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे हजाराव्या भागाइतकं आहे आणि जवळून जाणाऱ्या धूमकेतूचा वेग बदलायला तेवढं पुरतं. हॅले १७४२ मध्ये वारला. सिद्धांत खरा की खोटा हे त्याच्यामागे ठरायचं होतं.

सूर्य, गुरू आणि धूमकेतू अशा तीन वस्तू आल्या की दोन वस्तूंसाठी मिळालं तसं सुटसुटीत उत्तर मिळत नाही. मार्गाचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक ठिकाणी गुरूची व शनीची ओढ मोजून बेरीज करत जायचं. १७५८ च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये आलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल लपोत यांनी हे काम हाती घेतलं. सुमारे दीडशे वर्षांच्या काळातली या ग्रहांची धूमकेतूपासूनची अंतरं त्यांना काढायची होती. लालांदनं लिहिलंय की सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी कधी तर जेवताना सुद्धा, त्यांची आकडेमोड चालू असे. घाई होती, कारण धूमकेतू आधी दिसला असता तर भाकिताला अर्थ उरला नसता.

१४ नोव्हेंबरला क्लेरोनं निष्कर्ष वाचून दाखवला. या खेपेला मागच्या फेऱ्यापेक्षा ६१८ दिवस जास्त लागतील. त्यांतले ५१८ गुरूमुळे आणि १०० शनीमुळे. धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला उपसूर्य स्थितीत येईल, महिनाभर इकडेतिकडे होऊ शकेल. २५ डिसेंबरला जर्मनीत ड्रेस्डेनजवळ योहान पालिच या शेतकऱ्याला तो दिसला आणि १३ मार्चला उपसूर्य स्थितीत आला. ७६ वर्षांच्या प्रवासात एका महिन्याची चूक! ग्रहांची वस्तुमानं तेव्हा अचूक माहीत नव्हती, युरेनस आणि नेपच्यून तर कुणाला ठाऊकच नव्हते.

संगणकावर पोट भरणारी मी या तिघांपैकी सर्वांत जास्त विचार लपोतबाईंचा करते. घड्याळं बनवणाऱ्याची ही बायको गणित आपल्या आपण शिकली होती. १७६० च्या क्लेरोच्या पुस्तकात तिचं नाव नव्हतं. तिच्याशिवाय एवढं मोठं काम अंगावर घ्यायचं धाडसच झालं नसतं, हे लालांदनं नोंदवून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे. आज चंद्रावरच्या एका विवराला तिचं नाव आहे. आमच्या क्षेत्रात कुणी काय लिहिलं याची नोंद यंत्र आपोआप ठेवतं, तरी सादरीकरणाच्या शेवटच्या पानावरून नावं गळतातच. ती कुणीतरी आठवणीनं लिहावी लागतात.

हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला. आपण तेव्हा पहिली-दुसरीत होतो, पण आपल्या शिक्षकांपैकी काहींनी तो पाहिलाही असेल. डिसेंबर २०२३ मध्ये तो नेपच्यूनच्याही पलीकडच्या टोकाला जाऊन वळला आणि आता परतीच्या वाटेवर आहे. २०६१ च्या जुलैअखेरीस तो उपसूर्य स्थितीत येईल. आपण तेव्हा ऐंशीच्या आसपास असू. जे असतील त्यांनी नातवंडांना गच्चीवर नेऊन तो दाखवावा आणि तारीख काढणाऱ्या तिघांचीही नावं सांगावीत.