घरी बांधलेल्या विमानाची कॅनॉपी आणि एक तडा

आपल्या मंडळात वाडे, शिलालेख, मोडी कागद यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मी पडलो वडोदऱ्याचा इंजिनिअर. म्हणून आज जरा वेगळा दस्तऐवज वाचतो : घरी विमान बांधणाऱ्याची सूचनापुस्तिका.

सुरुवातीचे वैमानिक उघड्यावर, वाऱ्यातच बसत. १९३३ मध्ये जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवलं गेलं. हलकं, पारदर्शक, तापवून वाकवता येणारं हे ॲक्रिलिक दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांवर सर्रास दिसू लागलं आणि पुढे हौशी माणसाच्या गॅरेजात पोचलं. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची संघटना काढली. १९७१ मध्ये रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं आरव्ही-३ उडालं. त्या घराण्यातली विमानं लोक किट मागवून घरी बांधू लागले.

ओरेगॉनमधला माझा भाचा त्यातलंच एक बांधतोय. ॲक्रिलिकचा घुमट एकसंध येतो. तो कापून पुढच्या भागाची पक्की विंडशील्ड होते, मागच्याचं सरकतं झाकण. काम उबदार खोलीतच करायचं.

त्या दिवशी गॅरेज गार होतं. “मामा, हीटर लावून थांबूया,” तो म्हणाला. “अरे, तीस वर्षं भोकं पाडतोय मी!” तिसऱ्याच भोकाला टक् आवाज झाला आणि तडा वीतभर धावला. विंडशील्ड बाद. चूक सर्वस्वी माझी.

थंडीत ॲक्रिलिक ठिसूळ होतं. शिवाय तापमान ३० अंशांनी बदललं, तर दीड मीटर लांबीत ॲल्युमिनियम साधारण १ मिलिमीटर हलतं, ॲक्रिलिक सुमारे ३. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवतात. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवणाऱ्या आपल्या लोहाराला हे हिशेबाविना ठाऊक होतं.

नवी विंडशील्ड आली. भोकं भाच्याने पाडली, मी हीटर सांभाळला. मग फेअरिंग : काच आणि धडाच्या सांध्यावर इपॉक्सीत भिजवलेल्या काचकापडाच्या पट्ट्या, थरावर थर. पहिल्या थरात काळा रंग, म्हणजे आतून सांधा ओबडधोबड दिसत नाही. वाळल्यावर घासून गुळगुळीत केलं, की वारा विनाअडथळा सरकतो.

‘खोली उबदार ठेवा’ हे तीन शब्द मी ओलांडून गेलो होतो. अशी सूचना म्हणजे आधी कुणाच्या तरी हातून गेलेल्या तड्याची नोंद असते. तुमच्या घरी आजोबांच्या कारखान्यातल्या, वर्कशॉपातल्या वह्या असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका.