सॉफ्टशेल, पोलका ठिपक्यांचे

कोट आणि जॅकेटे, त्यातही लहान मुलांची, शिवण्यासाठी वापरले जाणारे मऊ, किंचित ताणणारे आणि वारा अडवणारे छापील कापड. हाताला ते एकजीव लागते, पण असते तीन थरांचे : बाहेर पॉलिएस्टर, त्यात बहुधा थोडे इलॅस्टेन, मध्ये पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा, आत लवदार फ्लीस. फ्लीसमुळे वेगळे अस्तर लागत नाही. पन्हा साधारण १४० ते १५० सेंमी., वजन चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. जर्मनी, चेकिया अशा थंड देशांत घरी शिवणाऱ्यांचे हे आवडते कापड आहे.

ठिपक्यांचे नाव कापडाहून बरेच जुने. पोलका हे बोहेमियातले नृत्य. १८४० च्या दशकात पॅरिस-लंडनला त्याचे वेड लागले आणि व्यापाऱ्यांनी दिसेल त्या मालाला पोलका म्हणायला सुरुवात केली. बायकांच्या एका आखूड, अंगाबरोबरच्या जॅकेटचेही तेच नाव होते. परकरावरचे आपले पोलके इथे आठवतेच. ठिपक्यांना हे नाव १८५७ साली फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकात छापलेले सापडते. नाचाशी ठिपक्यांचे नाते एवढेच, नावापुरते.

ठिपके एका मापाचे, सारख्या अंतरावर आणि वरच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध येतात. रांगोळी काढणारीला ‘११ ते ६’ म्हटले की ही मांडणी कळते. आकार टाचणीच्या डोक्याएवढ्यापासून नाण्याएवढ्यापर्यंत. गडद निळ्यावरचा पांढरा ठिपका बहुतेक वेळा छापलेला नसतोच. छापतात ती भोवतालची निळी जमीन, ठिपका म्हणजे कोरी राहिलेली जागा. बांधणीतला ठिपकाही असाच रंग न पोचल्याने उमटतो, पण तिथे गाठ हाताची, म्हणून दोन ठिपके तंतोतंत सारखे येत नाहीत. सॉफ्टशेलवर नक्षी बरेचदा आधी कागदावर छापतात. मग सुमारे २०० अंश से. उष्णतेत रंगाची वाफ होऊन तो पॉलिएस्टरच्या तंतूत शिरतो. त्यामुळे ठिपक्याची कड बोटाला लागत नाही.

बेतताना मात्र हे ठिपके कोणाचीही गय करत नाहीत. पुढचे दोन भाग अर्ध्या सेंटिमीटरने खालीवर झाले, तर चेन लावल्यावर दोन अर्धे ठिपके जुळून गोल होण्याऐवजी तुटक्या बांगडीसारखे दिसतात. म्हणून चेनची रेघ ठिपक्यांच्या मधून न्यावी आणि कापड घडी न घालता एकेरी बेतावे. ताणून कापले तर सुटल्यावर गोल लंबुळका होतो. टाचण्या फक्त शिलाईच्या मार्जिनमध्ये टोचाव्यात किंवा चिमटे लावावेत; पापुद्र्याला पडलेले भोक बुजत नाही, चुकलेली टीप उसवली तरी तिची खूण राहते. कडेच्या दशा सुटत नसल्याने इंटरलॉकची गरज नसते.

लेबलावर अनेकदा १०,००० मिमी. असा आकडा असतो; तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसते, शिवणी सोसत नाहीत. रिमझिमीला ते पुरते, कोकणातल्या आषाढाला नाही. धुताना सॉफ्टनर घालू नये. त्याने पाणी ओघळून जाण्याचा गुण कमी होतो.