दुसऱ्या कोकराची गोष्ट : कलकत्ता, सिडनी आणि फलटण

आजचा भाग एका मेंढीच्या बाळंतपणापासून सुरू करतो. तिथून आपल्याला बरंच लांब जायचंय, पार ऑस्ट्रेलियापर्यंत. पण शेवटी परत याच वाड्यात यायचंय.

माझं आजोळ माण तालुक्यातलं. मामाकडं चाळीसेक मेंढरं आहेत. आजोबांच्या काळात दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून घाट उतरायचे. आता मामा बाहेर जात नाही. आसपासची रानं, पडीक माळ, थोडा विकतचा चारा, यावर त्याचं चालतं. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात मी तिकडं गेलो होतो. मेंढ्या व्यायचे दिवस. मृगाचा पाऊस पडला, रानात हिरवं आलं की मेंढ्या फळतात, आणि मेंढीचं गाभणपण बरोबर पाच महिन्यांचं. त्यामुळं आपल्याकडं बरीचशी कोकरं थंडीच्या तोंडाला जन्मतात.

रात्री अकराच्या सुमाराला एक काळी मेंढी व्यायली. कोकरू पडलं, तिनं चाटायला घेतलं, सगळं ठीक. मी मोबाईलचा उजेड बंद करणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "थांब जरा, बॅटरी इकडं धर. हिच्या पोटात आनखी एक हाय."

दुसरं आलं ते पहिल्याच्या निम्मं. ओलं, थरथरतंय. मेंढीनं त्याला एकदा हुंगलं आणि मान फिरवली. आज्जी उठून आली. तिनं मूठभर मीठ त्या पिल्लाच्या पाठीवर भुरभुरलं, म्हणजे खारट लागून आई चाटेल. मामानं मेंढीला धरून ठेवलं आणि पिल्लाचं तोंड सडाला लावलं. चीक पोटात जायलाच हवा. कोकरू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायची ताकद त्याच्या रक्तात जवळजवळ नसते, ती पहिल्या काही तासांतल्या चिकातून मिळते. चीक चुकला की कोकरू दगावण्याचा धोका फार.

आज्जी मात्र खूश नव्हती. म्हणाली, "जुळं म्हंजे दोघांचीबी उपासमार. आमच्या टायमाला असलं नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण आज्जीचं म्हणणं अगदी खरं आहे. आपली दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. शंभर मेंढ्या व्यायल्या तर जुळी चार-दोन. मग मामाच्या वाड्यात जुळं आलं कुठून? विचारलं तर मामा म्हणाला, "फलटणकडच्या पावण्यांनी मेंढा दिलाय, त्याची ही लेक." या एका उत्तराच्या मागं दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा भाग त्याचाच.

तर चला, १७९२ सालात. आपल्याकडं हे साल महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले म्हणून लक्षात राहतं. त्याच सुमाराला तिकडं दक्षिण गोलार्धात, सिडनीला, इंग्रजांची एक नवी वसाहत उपाशी होती. १७८८ मध्ये कैद्यांनी भरलेली जहाजं तिथं उतरली होती. शेती जमत नव्हती, इंग्लंडहून येणारी रसद महिनोन् महिने लांबायची. सगळ्यात जवळची भरवशाची बाजारपेठ कुठली? तर कलकत्ता. म्हणून 'अटलांटिक' नावाचं जहाज कलकत्त्याला पाठवलं गेलं आणि १७९२ मध्ये ते तांदूळ, गहू, डाळ घेऊन सिडनीला परतलं. याच काळात, १७९२ आणि १७९३ मध्ये, कलकत्त्याहून जहाजानं बंगाली मेंढ्याही तिकडं गेल्या.

या मेंढ्यांना कुणी भाव दिला नाही. अंगानं लहान, लोकर कसली ती नाहीच म्हणा. वसाहतीला हवी होती इंग्लंडच्या गिरण्यांना विकता येईल अशी मऊ लोकर. पुढं मेरिनो जातीच्या मेंढ्या आल्या आणि त्यांच्या लोकरीवर त्या देशाची श्रीमंती उभी राहिली. बंगाली मेंढ्या त्या कळपांत मिसळून गेल्या. दिसायला काही उरलं नाही, नावही उरलं नाही.

आता दीडशे वर्षं पुढं या. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ बुरूला नावाची एक मेंढपाळी होती, सीअर्स आडनावाच्या भावांची. त्यांच्या लक्षात आलं की आपल्या मेरिनोंमध्ये काही मेंढ्यांना जुळी, तिळी जरा जास्तच होतात. त्यांनी मुद्दाम अशाच मेंढ्यांची पिल्लं ठेवायला सुरुवात केली. १९५८ मध्ये त्यांनी सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला एक मेंढा दिला. तो स्वतः एका वेताच्या पाच कोकरांपैकी एक होता!

त्या संस्थेत हे काम पाहत होत्या हेलन न्यूटन टर्नर. या बाईंची गोष्ट वेगळा भाग करावा अशी आहे. शिकल्या वास्तुशास्त्र. मंदीच्या काळात संस्थेत सेक्रेटरी म्हणून लागल्या. तिथं आकडेमोडीची गोडी लागली, आणि पुढं मेंढ्यांच्या आनुवंशिकीतलं जगभरात घेतलं जाणारं नाव झाल्या. बुरूलाच्या मेंढ्यांत एवढी जुळी कुठून येतात, याचा माग काढत त्या जुन्या नोंदींपर्यंत गेल्या आणि १९८२ च्या सुमाराला त्यांनी मांडलं की याचं मूळ १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या त्या बंगाली मेंढ्यांमध्ये असावं.

दरम्यान, १९८० च्या आसपास पायपर आणि बिंडन या त्यांच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक मोठी गोष्ट सुचवली होती. साधारणपणे असे गुण शेकडो जनुकांच्या बारीक-बारीक परिणामांतून येतात. इथं मात्र एकच जनुक सगळा खेळ करतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. ते जनुक सापडायला २००१ साल उजाडलं. न्यूझीलंड, फ्रान्स आणि एडिनबरा, तीन ठिकाणच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी ते शोधलं. एका प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या जागी एक दुवा बदललेला. बस, एवढंच. या बदलाला फेक-बी म्हणतात. त्यामुळं मेंढीच्या बीजकोशात एकाऐवजी दोन-तीन बीजं एकदम पक्व होतात.

आणि पुरावा? २००२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या, जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्यांचा डीएनए तपासला गेला. तोच बदल सापडला सुंदरबनातल्या गरोल मेंढीत. टर्नरबाईंचा तर्क बरोबर दिशेनं होता.

गरोल म्हणजे कशी, तर दहा-बारा किलोची मेंढी. खाडीच्या काठानं, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. तिथली गरीब घरं दोन-चार मेंढ्या बाळगतात. जुळी तिच्यात नेहमीचीच. इंग्रजांच्या जहाजावर चढल्या त्या हिच्याच पणज्या म्हणायच्या.

आता फलटण. १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, लोक तिला 'नारी' म्हणतात. जाता जाता सांगतो, त्यांच्या पत्नी जाई निंबकर म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या, आणि स्वतः लेखिका. त्यांची मुलगी चंदा निंबकर हिनं मेंढीपालनाचं काम हाती घेतलं, ऑस्ट्रेलियात जाऊन याच विषयात पीएचडी केली.

नव्वदच्या दशकात संस्थेनं सुंदरबनातून गरोल मेंढ्या फलटणला आणल्या. कल्पना ऐकायला सोपी आहे : गरोलचं ते एक जनुक घ्यायचं, बाकी मेंढी दख्खनीच ठेवायची. पण ऐकायला सोपी. दोघींचा पहिला संकर केला की अंगानं लहान मेंढी मिळते, आणि बाजारात वजन विकलं जातं. म्हणून संकराला पुन्हा दख्खनी लावायची, पुन्हा दख्खनी, आणि प्रत्येक पिढीत कुणाच्या अंगात ते जनुक आहे हे ओळखून तेवढीच पुढं ठेवायची. २००१ नंतर रक्त तपासून हे लहानपणीच कळायला लागलं. त्याआधी मेंढी मोठी होऊन व्यायेपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. दूध वाढावं म्हणून पश्चिम आशियातल्या अवासी जातीचं रक्तही त्यात आणलं गेलं. यातून जी मेंढी तयार झाली तिचं नाव नारी सुवर्णा. हे जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेल्या मेंढीला कधी एक, कधी दोन कोकरं होतात; साधारण दोन मेंढ्यांमागं तीन.

इथं थांबून आज्जीच्या वाक्याकडं परत जाऊ. कारण मला सुरुवातीला वाटलं होतं, की ही सरळ प्रगतीची गोष्ट आहे. आधी एक, आता दोन. पण आपल्या मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या एकाच कोकराची मेंढी का सांभाळली? त्यांना जुळी दिसली नसतील का? दिसली असणारच. पण डोळ्यापुढं तो प्रवास आणा. मेंढ्या व्याल्या की आठ-पंधरा दिवसांत वाडा हलायचा. रोज नवा तळ. रात्री वाघर लावून कुणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, सकाळी पुन्हा चालायचं. नवजात कोकरं घोड्यावर, नाहीतर बाईच्या पाठीला. वाळल्या गवतावर चालणाऱ्या मेंढीच्या कासेत दूध एकाचंच. तिथं दुसरं कोकरू म्हणजे एक मरतुकडं, नाहीतर दोन मरतुकडी, आणि खंगलेली आई. शिवाय तेव्हा लोकरीला किंमत होती, घोंगड्या खपत होत्या. मेंढी जगली की वर्षाला दोनदा कातरता यायची. एक कोकरू, धडधाकट आई, हा त्या काळाचा पक्का हिशोब होता. तो अडाणीपणा नव्हता.

मग हिशोब बदलला. घोंगडीची जागा कारखान्यातल्या ब्लँकेटनं घेतली. दख्खनी लोकर जाडीभरडी, तिला कातरायची मजुरीसुद्धा सुटेना. ब्रिटिश काळापासून परदेशी मेंढे आणून आपली लोकर सुधारायचे प्रयत्न झाले, पण तोवर पैसा मटणात गेला होता. माळरानं कमी झाली, बागायत वाढली, वाटा अडल्या. मामासारखे कित्येक जण एका जागी बसले. आता त्यांची सगळी कमाई वर्षाला किती कोकरं विकली यावर. अशा माणसाला दुसरं कोकरू हवंच आहे. पण ते नुसतं जन्मून भागत नाही. त्याच्या वाट्याचं दूध, आईला मूठभर मका, थंडीत आडोसा, हे सगळं त्याच्यासोबत यावं लागतं. जनुक जहाजानं किंवा रेल्वेनं आणता येतं, हे बाकीचं रोज सकाळी उठून कुणीतरी करावं लागतं. बहुतेक घरांत ते करते आज्जी.

आमच्या त्या पिल्लाचं सांगायचं राहिलंच. मेंढीनं त्याला दोन दिवस लाथाडलं. आज्जी रोज चार वेळा शेळीचं दूध बाटलीनं पाजायची, रात्री डालग्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मेंढीनं त्याला एका सडाला लागू दिलं. ते जगलं. चार महिन्यांनी विकलं तेव्हा भावापेक्षा बरंच हलकं भरलं, दामही कमी आला. पण आला.

मी मामाला फोनवर विचारलं, मग फलटणचा मेंढा ठेवणार का? म्हणाला, "ठेवनार की. पन सगळ्या लेकी न्हाई ठेवायच्या. जिच्या आईच्या कासंला दोघांचं दूध, तिचीच ठेवायची. बाकीच्या बाजारात."

मामा शाळेत सातवीपर्यंत गेलाय. निवडीचा हा नियम टर्नरबाईंनाही पटला असता, असं मला वाटतं.

पुढच्या भागात घोंगडीबद्दल बोलू : कोण विणायचं, खळ कसली लावायचे आणि ती बाजारातून कशी गेली. तुमच्या घरात एखादी जुनी घोंगडी असेल तर तिची गोष्ट आम्हाला जरूर कळवा. भेटूच.