खोताच्या वेठीतून उसाच्या मळ्यात

रत्नागिरीच्या इतिहासात बंदरे, किल्ले, पुढारी येतात. मॉरिशसला गेलेला मजूर येत नाही. १८३५ साली तिथली गुलामगिरी उठली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारी मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीचे कुणबी होते, मराठे होते, महारही होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्यालाही फोटोचा पास बाळगावा लागे. इथे खोताची वेठ, तिथे मळेवाल्याचा कागद. १९३७ साली बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडले. वर्गात ते शिकवताना मी या मळ्यांविषयीही सांगतो. नुसते गाव सोडून माणूस सुटत नाही. राबवून घेणारी व्यवस्थाच मोडावी लागते.