गालिचा, धूळ आणि यंत्र

गालिचा ही जितकी शोभेची तितकीच कष्टाची वस्तु आहे. फरशीवरचा केर केरसुणीच्या एका हातासरशी निघतो. गालिच्यावरचा केर धड दिसत नाहीं आणि निघतही नाहीं. पायांबरोबर आलेली बारीक वाळू लोकरीच्या लवेंत उतरते, बुडाशीं जाऊन बसते, आणि वरून पावलें पडूं लागलीं कीं कानशीसारखी धाग्यांना कापूं लागते. वरवर झाडलेला गालिचा स्वच्छ दिसत असतांनाच आंतून झिजत असतो. म्हणून ज्या देशांत घरोघरीं गालिचे आहेत, तेथें ही धूळ काढावी कशी आणि काढावी कोणीं, हा संसाराचा एक जुना प्रश्न होऊन बसला आहे.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंतल्या मध्यमवर्गीय घरांत ह्याचें उत्तर ठरलेलें होतें. झाडण्यापूर्वीं गालिच्यावर चहाचा ओला चोथा पसरावयाचा आणि धूळ त्याला चिकटली कीं दोन्ही मिळून झाडून घ्यावयाचीं. हा झाला नित्याचा उपाय. हिवाळाभर घरांत कोळसा आणि तेलाचे दिवे जळत. त्यांची काजळी साऱ्या सामानावर बसे. वसंत ऋतु आला कीं मग सामान हलवून, कडेचे खिळे उपसून, गालिचा गुंडाळून अंगणांत न्यावयाचा, दोरीवर टाकावयाचा आणि वेताच्या झोडपणीनें बडवावयाचा. हें एकटीचें काम नव्हे. गालिचा उचलावयास पुरुष लागत, बडवावयास मुलें किंवा मोलकरी लागत, आणि तेवढे दिवस घरांत कोणाला धड बसावयास जागा नसे. कंटाळा सर्वांना येई, पण कामही सर्वांनाच पडे. पुढें काय झालें तें समजण्यासाठीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे.

ह्या कामांत पहिलें खरोखर उपयोगी यंत्र शिरलें तें १८७६ सालीं. अमेरिकेंतल्या मिशिगन राज्यांत, ग्रँड रॅपिड्स येथें, मेल्व्हिल बिसेल आणि त्याची पत्नी ॲना ह्यांचें चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान होतें. भांडीं ज्या भुशांत बांधून येत तो भुसा गालिच्यावर सांडे आणि कांहीं केल्या निघत नसे, अशी हकीकत सांगतात. बिसेलनें चाकांवर चालणारी एक पेटी केली. चाकांबरोबर आंतला ब्रश फिरे आणि केर पेटींत पडे. १८८९ सालीं तो वारल्यावर ॲनाबाईंनीं कारखान्याचीं सूत्रें स्वतःच्या हातीं घेतलीं आणि माल परदेशांतही नेला. विजेवांचून चालणारी ही हलकी झाडणी आजही विकली जाते. वरचा केर ती चांगला उचलते. बुडाची वाळू मात्र तिच्या आवाक्याबाहेरची. वसंतांतलें बडवणें तिनें चुकविलें नाहीं.

तें चुकविण्याची युक्ति लंडनमध्यें निघाली. १९०१ सालीं ह्यूबर्ट सेसिल बूथ ह्या इंजिनियराला एका अमेरिकन यंत्राचा प्रयोग पाहावयास मिळाला. तें यंत्र हवेचा झोत मारून धूळ उडवी आणि ती शेजारच्या पेटींत जाऊन पडावी अशी अपेक्षा करी. धूळ अर्थातच पुन्हां जागच्या जागीं बसे. फुंकण्याऐवजीं ती ओढून कां घेत नाहीं, असें बूथनें विचारलें. तें शक्य नाहीं, असें उत्तर मिळालें. कांहीं दिवसांनीं व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहांत बसला असतां त्यानें मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावून जोरानें श्वास ओढला. ठसक्यानें त्याचा जीव घाबरा झाला, पण तर्क खरा ठरला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्यानें पेटंट मागितलें.

हें यंत्र घरांत नेण्याजोगें नव्हतेंच. घोडे जोडलेल्या गाडीवर पेट्रोलचें इंजिन आणि पंप असे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आंत जात. गणवेषांतले नोकर नळीचें तोंड गालिच्यावरून फिरवीत. लंडनच्या श्रीमंत स्त्रिया हा समारंभ पाहण्यासाठीं मैत्रिणींना चहाला बोलावीत, आणि नळीचा कांहीं भाग पारदर्शक ठेवलेला असल्यामुळें यजमानीणबाईंच्या घरची धूळ पाहुण्यांना वाहतांना दिसे! रस्त्यांतले घोडे बुजतात म्हणून बूथवर फिर्यादीही झाल्या. परंतु १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधला गालिचा ह्याच यंत्रानें साफ केला, आणि मग राजवाड्यांतही यंत्राचा प्रवेश झाला.

बूथच्या योजनेंत एक विशेष होता, तो पुढें लोक विसरले. त्यानें आरंभीं विकली ती सेवा. एका गाडीनें अनेक घरें साफ व्हावींत आणि काम मजुरी घेणाऱ्या माणसांनीं करावें, अशी ती व्यवस्था होती. ती टिकली असती तर गालिच्याची धूळ ही कदाचित् धोब्याच्या कपड्यांप्रमाणें घराबाहेरची बाब झाली असती.

ती टिकली नाहीं, कारण लौकरच यंत्र लहान झालें. प्रथम हातभात्याचीं यंत्रें निघालीं. एकानें भाता हलवावयाचा, दुसऱ्यानें नळी फिरवावयाची. त्यांत वेळ वांचे कीं जाई, हें सांगणें कठीण आहे. खरा पालट केला तो ओहायो राज्यांतल्या कँटन गांवच्या जेम्स मरे स्पँगलर ह्या झाडलोट करणाऱ्या नोकरानें. त्याला दमा होता, आणि दुकानांतले गालिचे झाडतांना उडणारी धूळ त्याच्या छातीला सोसत नव्हती. त्यानें विजेचा पंखा, एक पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या साहित्यांतून यंत्र उभें केलें. १९०८ सालीं त्याला पेटंट मिळालें. सुसान हूव्हर ह्या बाईंनीं तें घरीं वापरून पाहिलें व नवऱ्याला दाखविलें. विल्यम हूव्हरचा धंदा घोड्यांच्या साजाचा. मोटारी आल्यानें तो बुडणार हें त्याला दिसत होतें. त्यानें पेटंटाचे हक्क घेतले, आणि दहा दिवस फुकट वापरून पाहा अशी जाहिरात दिली.

येथून पुढें यंत्राची निवड हा कुटुंबाचा प्रश्न झाला. पहिली अडचण विजेची. १९२० च्या सुमारास अमेरिकेंतल्या जेमतेम एक-तृतीयांश घरांत वीज होती. १९३० पर्यंत ती दोन-तृतीयांश घरांत पोंचली, तरी बहुतेक शेतकरी कुटुंबें अंधारांतच होतीं. त्यांची निवड बिसेलच्या झाडणीवर थांबे. वीज असलेल्यांपुढें दुसरा प्रश्न उभा राही: यंत्र उभें घ्यावें कीं आडवें? स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनें १९२१ सालीं घसरपट्ट्यांवर सरकणारें, लांब नळीचें आडवें यंत्र काढलें. जिने, पडदे, पलंगाखालची जागा आणि उघडी जमीन ह्यांना तें सोयीचें. उभ्या यंत्राच्या तोंडांत ब्रश फिरतो, आणि १९२६ सालीं हूव्हरनें त्यांत गालिचा हलकेच बडविणाऱ्या पट्ट्याही घातल्या. नुसत्या ओढण्यानें बुडाची वाळू सुटत नाहीं. ती आधीं हलवावी लागते. जाड लवेचे गालिचे पुष्कळ असतील तर फिरत्या ब्रशाचें, थोडे असतील तर नळीचें, हा त्या काळचा विवेक अजूनही चुकीचा ठरलेला नाहीं.

परंतु निवड नेहमीं विवेकानेंच होई असें नाहीं. दारोदार फिरणारे विक्रेते येत. गृहिणीनें स्वतः झाडलेल्या गालिच्यावरून यंत्र फिरवून त्यांतून निघालेली धूळ तिच्यापुढें ओतीत. ह्या प्रयोगानें यंत्राचा गुण सिद्ध होई, आणि बाई ओशाळी होई. दोन्ही गोष्टी विक्रीला उपकारक होत्या.

ह्याच सुमारास घरकाम करणारीं माणसें मिळेनाशीं झालीं होतीं, आणि जाहिरातींतल्या चित्रांत मोलकरणीच्या जागीं नीटनेटक्या पोषाखांतली घरधनीण उभी राहिली. यंत्र एकटीला चालवितां येई, म्हणून तें एकटीनेंच चालवावें असें ठरून गेलें. पुरुष आणि मुलें गालिचा बडविण्यांतून सुटलीं, तीं कायमचीं. वर्षांतून एकदां होणारें काम आठवड्याला एकदां होऊं लागलें, कारण आतां तें करतां येण्यासारखें होतें. जोॲन व्हॅनेक ह्या विदुषींनीं १९७४ सालीं ह्याचा हिशेब मांडला: बाहेर नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२४ च्या सुमारास आठवड्याला सुमारें ५२ तास घरकाम करी, आणि १९६० नंतरच्या दशकांत, सर्व यंत्रें हाताशीं असतां, सुमारें ५५ तास. रूथ श्वार्ट्झ कोवन ह्या इतिहासकर्त्रींनीं १९८३ सालच्या ग्रंथांत ह्या प्रकाराला 'आईला अधिक काम' अशा अर्थाचें नांवच दिलें. घर पूर्वींपेक्षां स्वच्छ झालें ह्यांत शंका नाहीं. त्या स्वच्छतेची किंमत मात्र दुकानांतल्या चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक फेर पडला. जॉर्जिया राज्यांतल्या डाल्टन गांवच्या कारखान्यांतून स्वस्त गालिचे निघूं लागले, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटविण्याची चाल पडली. असा गालिचा अंगणांत नेतां येत नाहीं. यंत्र घेणें मग ऐच्छिक राहिलें नाहीं. गरम पाणी व साबण सोडून तें पुन्हां ओढून घेणारीं यंत्रें ह्याच गालिच्यांसाठीं वापरांत आलीं. मुलें आणि कुत्रीं असलेल्या घरांत डागांसाठीं तीं कामाचीं खरीं. पण कोरडी धूळ आधीं काढली नाहीं तर आंत चिखल होतो, आणि पाणी पुरतें ओढलें गेलें नाहीं तर अस्तर कुबट होतें.

भारतांत १९८२ सालीं इलेक्ट्रोलक्सच्याच सहकार्यानें मुंबईची युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली, आणि तिचे विक्रेतेही यंत्रें घेऊन दारोदार फिरले. येथल्या घरांत जमीन फरशीची. ती रोज झाडून पुसली जाई आणि अनेक घरीं त्यासाठीं कामवाली बाई येई. विक्रेत्यानें यंत्र सुरू केलें म्हणजे बहुधा तें सोफ्यावरून, गाद्यांवरून आणि पडद्यांवरून फिरे. फरशी ज्या बाईच्या हातीं होती ती केरसुणी घेऊन बाजूला उभी असे. यंत्र घ्यावें कीं न घ्यावें हें तिला कोणी विचारीत नसे.