बिनकामाची फेरी

दुखण्यातून उठलेल्या माणसाला पुन्हा संसारात रुजू करून घेण्याचा जो शिरस्ता दक्षिण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यात अन्नाचा क्रम जितक्या बारकाईने आखलेला होता, तितक्या बारकाईने श्रमाचा क्रम कधी आखला गेला नाही. मुदतीचा ताप उतरला की आधी नुसती निवळ, मग शिते असलेली उकड्या तांदळाची पेज आणि तिच्या जोडीला जुन्या लिंबाच्या लोणच्याचे बोट. ती पचली की मऊ आटवल, त्यानंतर मुगाचे कढण आणि भात. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईची खात्री पटल्यावरच मासळी, तीही प्रथम हलकी मुडदुशी, बांगड्याची पाळी सर्वांत शेवटी. शोधनोपचारानंतर मंदावलेल्या अग्नीसाठी आयुर्वेदाने पेया, विलेपी, यूष असा जो संसर्जनक्रम सांगितला आहे, त्याच पायऱ्या कोकणातल्या चुलीपाशी कोणतीही पोथी न उघडता पाळल्या जात होत्या. हातापायांच्या बाबतीत मात्र अशी पायरी नव्हती. माणूस पडवीत घोंगडीवर बसून राही, येणारेजाणारे ‘अजून अंगात जीव नाही’ असे म्हणत राहत, आणि मग पावसाळा लागला की एके दिवशी तो एकाएकी गुडघाभर चिखलात लावणीला उभा राही. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही अर्धी शक्ती खर्ची पडल्याची खूण सुश्रुताने नोंदली आहे. पण हे ज्ञान पेजेसारखे घराघरांत मुरले नाही.

ज्यांच्यापाशी पैसा होता, त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हवापालटाची सोय झाली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि तेथे मुंबईकरांचे विश्रामस्थान वसले, पाचगणीची कोरडी हवा क्षयरोग्यांना मानवते म्हणून तेथे आरोग्यधाम उभे राहिले, मिरजेस डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन इस्पितळामागून क्षयरुग्णांची वसाहत वसली. कोकणच्या चाकरमान्याला यांपैकी काहीच परवडणारे नव्हते. गिरणीत वा गोदीत राबताना छाती पोखरली गेली की त्याला आगबोटीवर बसवून मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरवीत, आणि तेथून बैलगाडीने तो आपल्या वाडीत पोहोचे. 1896 च्या प्लेगात मुंबई सोडून गेलेल्या लाखो लोकांपैकी कितीतरी जण याच मार्गाने आले. चाकरमान्याचे गाव हेच त्याचे आरोग्यधाम होते, आणि त्या आरोग्यधामाचा वैद्य, परिचारिका आणि आचारी या तिन्ही जागा बहुधा एकाच स्त्रीने सांभाळलेल्या असत. तिच्या श्रमांचा इतिहास कोणत्याही दप्तरात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

हवापालटाच्या या साऱ्या प्रथेचा पाया मात्र विश्रांती हाच होता, आणि त्यात केवळ आपल्या लोकांचा दोष नव्हता. युरोपातील वैद्यकही तेव्हा हेच सांगत होते. एवढेच नव्हे, तर 1885 मध्ये स्टार्लीने दोन जवळजवळ समान चाकांची सायकल बाजारात आणल्यावर आणि 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढल्यावर जेव्हा तेथील तरुण-तरुणी झुंडीने रस्त्यावर आल्या, तेव्हा काही डॉक्टरांनी या वाहनाने हृदय बिघडते, पाठीला बाक येतो, मुद्रा कायमची ताठर होते, असे इशारे गंभीरपणे छापले. हृद्‌शूलाचे पहिले नेमके वर्णन करणाऱ्या विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याच्या 1802 च्या ग्रंथात, रोज अर्धा तास लाकूड करवतण्याचा नेम धरून जवळजवळ बऱ्या झालेल्या एका रुग्णाचा उल्लेख आहे. ती एक ओळ पुढे दीडशे वर्षे फारशी कोणी मनावर घेतली नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे अंथरुणाशी जखडून ठेवीत. कूससुद्धा दुसऱ्याने बदलून द्यायची. त्यातून पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, स्नायू वाळत, आणि रोगातून वाचलेला माणूस उपचाराने खचे.

सक्तीच्या विश्रांतीचा हा किल्ला विसाव्या शतकाच्या मध्यावर ढासळला. 1947 मध्ये रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरने अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला. 1952 च्या सुमारास बोस्टनमध्ये लेव्हिन आणि लाऊन यांनी हृदयरुग्णांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवण्याचे धाडस केले. आणि आपल्याकडे मद्रासच्या क्षयरोग केंद्राने 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले की औषधे नियमित घेतली तर आरोग्यधामातला रोगी आणि दाटीवाटीच्या घरात राहून उपचार घेणारा रोगी यांच्या बरे होण्यात फरक पडत नाही. त्या एका भारतीय अभ्यासाने जगभरच्या क्षयरोग आरोग्यधामांचा आधार काढून घेतला. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला जागा असायला हवी होती.

उपचार म्हणून सायकलीचा प्रवेश या कथेत होतो तो एका राष्ट्राध्यक्षाच्या निमित्ताने. 24 सप्टेंबर 1955 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला आणि बोस्टनचे डॉ. पॉल डडली व्हाइट यांना पाचारण झाले. व्हाइट स्वतः सायकल चालवीत, म्हातारपणापर्यंत चालवीत राहिले, आणि हृदयविकारातून उठलेल्या माणसाने हातपाय हलवावेत, कामावर परतावे, चालावे, सायकल चालवावी, हे त्यांनी साऱ्या देशाला जाहीरपणे सांगितले. त्यांचा रुग्ण पुढच्याच वर्षी पुन्हा निवडून आला. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकलमार्गाला आज त्यांचे नाव आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. दक्षिण कोकणात सायकल आली ती खेळणे म्हणून नव्हे, तर पोटापाण्याचे हत्यार म्हणून. आधी विलायती रॅले आणि हर्क्युलिस, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनिपत, आसनसोल, लुधियाना येथल्या कारखान्यांतून निघालेल्या देशी सायकली तलाठ्याच्या, पोस्टमनच्या, प्राथमिक शिक्षकाच्या दारात उभ्या राहिल्या. पहाटे भोंगा वाजवीत पाववाला यायचा, ऊन चढण्यापूर्वी कॅरिअरवर टोपली बांधून मासे विकणारा यायचा. पोरे भाड्याच्या सायकलीवर दांडीखालून पाय घालून कात्री मारीत शिकायची, पण मिसरूड फुटल्यावर विनाकारण सायकल फिरवणे हे रिकामटेकडेपणाचे लक्षण समजले जाई. ज्या गावात रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाला ‘खंय चललात?’ हा प्रश्न आपुलकीने विचारला जातो, तेथे ‘खंयच नाय’ हे उत्तर प्रौढ माणसाच्या तोंडी शोभत नसे.

त्यात ही भूमी चढउतारांची. सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटर जायला जेवढा जोर लागतो, त्याच्या चौपट-पाचपट जोर शंभर फुटांत पाच फूट चढणाऱ्या रस्त्यावर तोच वेग राखायला लागतो, आणि त्या सायकलींना गिअर नव्हते. म्हणून घाटी आली की खाली उतरून सायकल हातात धरून चढायची आणि माथ्यावर पोहोचल्यावर पुन्हा टांग मारायची, ही येथली सर्वमान्य वहिवाट होती. तलाठी उतरे, गुरुजी उतरत, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. हृदयाला न झेपणारा भार टाळण्याचा याहून शहाणा मार्ग आजही कोणी सांगू शकणार नाही, आणि गिअरच्या सायकलीवर बसून हट्टाने चढ चढणाऱ्या नव्या हौशी मंडळींना या जुन्या वहिवाटीची आठवण करून द्यावीशी मला वाटते.

सायकलीला मोकळे रस्ते या मुलखात मिळाले ते एका नव्या जिल्ह्यामुळे. 1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, आणि त्याची मुख्य कचेरी एखाद्या जुन्या पेठेत न ठेवता कुडाळ तालुक्यातील ओरोस या गावी, महामार्गालगतच्या जांभ्याच्या जमिनीवर, नवे नगर वसवून तेथे न्यावी असे ठरले. तोपर्यंत सावंतवाडीकडच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट रत्नागिरी गाठावी लागे. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, पोलीस मुख्यालय उभे राहिले. पुढे कोकण रेल्वेचे सिंधुदुर्ग स्थानकही जवळच आले. मालवणला किल्ल्याचा, वेंगुर्ल्याला बंदराचा, सावंतवाडीला संस्थानाचा इतिहास आहे. ओरोसच्या या नव्या सिंधुदुर्गनगरीला असा इतिहास नाही, म्हणून पुष्कळ लोक तिच्याविषयी उदासीनतेने बोलतात. कचेऱ्या सुटल्या की अधिकारी-कर्मचारी कुडाळ-कणकवलीकडे निघून जातात आणि नगरी ओस पडते, हा आक्षेप खराही आहे. परंतु कोकणातील गाव पायवाटेभोवती आणि पाणंदीभोवती वाढते, तर येथे माणसांच्या आधी रस्ते आले: रुंद, एकमेकांना काटकोनात न मिळाले तरी मोकळे, आणि सायंकाळी जवळजवळ निर्मनुष्य. शिवाय जिल्हा रुग्णालय येथेच आहे आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी माणूस आजही गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जातो. पण परत येऊन पुन्हा उभे राहण्याचे काम त्याला आपल्या जिल्ह्यातच करावे लागते, आणि त्यासाठी याहून अनुकूल रस्ते जिल्ह्यात मला तरी दुसरे दिसलेले नाहीत.

हे मी केवळ पाहून लिहीत नाही. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर याच रस्त्यांवर मी सायकल पुन्हा चालवू लागलो. शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापून तारेने पुन्हा शिवलेले असते, ते सांधायला दोन-तीन महिने लागतात, आणि हँडलवर दोन्ही हातांचा भार देणे तोपर्यंत वर्ज्य असते. म्हणून तेवढे दिवस चालण्यावरच भागवावे लागले. परवानगी मिळाल्यावर सायकल महामार्गाच्या कडेच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. पडून राहिलेल्या टायरला बारीक भेगा गेल्या होत्या. त्याने ट्यूब ओढून काढली, थोडी हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात ती हळूहळू फिरवली, बुडबुडे निघाले तेथे बोट दाबून धरले, कानसेने घासले, सोल्युशन लावून ते वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि मग चाक उलटे टांगून रिमचा आउट काढला. माझ्याकडे एकवार पाहून त्याने न विचारताच सीट दोन बोटे खाली केली, पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून. शल्यविशारदांविषयी माझ्या मनात जी कृतज्ञता आहे, तिचा एक अंश त्या मनुष्याचाही आहे.

आजारातून उठलेल्या माणसाला आपल्या देहाचा अंदाज उरलेला नसतो, ही गोष्ट निरोग्याला कळत नाही. छातीत जरा काही हलले तरी तो आजार परतला की काय असे वाटते, आणि नाडीवर विसंबावे तर नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असल्याने तीही खरे सांगत नाही. स्वीडनमधील गुन्नार बोर्ग यांनी 1960 नंतरच्या काळात स्थिर सायकलीवरच्या प्रयोगांतून श्रम किती वाटतो याची 6 ते 20 अशी मोजपट्टी केली. तिचा आधार एवढाच की माणसाला आपला श्रम स्वतःला जाणवतो तो बराचसा खरा असतो. आमच्या डॉक्टरांनी तीच गोष्ट सोप्या शब्दांत सांगितली: चालवताना बोलता आले पाहिजे, गाता येऊ नये. पहिली काही मिनिटे आणि शेवटची काही मिनिटे अगदी सावकाश; मधेच थांबून खाली बसायचे नाही, वेग उतरवत न्यायचा. ओरोसच्या आतल्या रस्त्यावर जिल्हा परिषदेकडून रुग्णालयाकडे जाताना वारा अंगावर आला, पायाखाली चेनचा तो एकसारखा आवाज सुरू झाला, आणि मला जाणवले की बऱ्याच दिवसांत प्रथमच मी माझ्या हृदयाचा विचार न करता काही क्षण घालवले आहेत.

याच रस्त्यांवर सायंकाळी दिसणाऱ्या पन्नाशी-साठीच्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांच्यापैकी बहुतेक सगळे कोणत्या ना कोणत्या दुखण्याच्या वाटेने सायकलीकडे परतलेले आहेत: कोणाला झटका येऊन गेला, कोणाच्या कर्करोगाचे उपचार झाले, कोणाला मधुमेहाने जेरीस आणले. वाटेत ‘गुरुजी, खंय चललात?’ असे कोणी विचारले की निवृत्त शिक्षक ब्रेक न दाबता उत्तर देतात, ‘डॉक्टरान सांगल्यान हा!’ प्रौढ माणसाने निव्वळ आनंदासाठी सायकल फिरवावी याला आपल्या समाजाने जी मान्यता कधी दिली नव्हती, ती डॉक्टरच्या कागदाने मिळवून दिली. व्यायामाच्या नावाखाली आरंभ झाला, तरी थोड्याच महिन्यांत त्यांच्या बोलण्यात औषधाचा उल्लेख कमी होतो आणि कोणत्या वळणावर काजूला मोहोर आला, कोठे पक्षी दिसला, धामापूरच्या तळ्यापर्यंत कधी जायचे, याच गोष्टी वाढतात. नागेश देसाई यांनी 1530 मध्ये बांधलेले ते तळे गाठायचे तर चढउतार बरेच आहेत, आणि महामार्ग चौपदरी झाल्यापासून तो ओलांडणे वयस्क सायकलस्वाराला धोक्याचे झाले आहे. म्हणून ते बेत पुष्कळदा बेतच राहतात.

पावसाळ्याचे चार महिने हा सारा व्यवहार बंद पडतो. शेवाळलेल्या जांभ्यावर चाक घसरते, आणि बरे होऊ लागलेल्या हाडांना पडणे परवडणारे नसते. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी 1913 मध्येच जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीवर माणसाचा श्रम मोजून दाखवला होता. तसली दहा यंत्रे जिल्हा रुग्णालयाच्या एका दालनात परिचारिकेच्या देखरेखीखाली ठेवली, तर आषाढात उठलेल्या रुग्णाला आश्विनापर्यंत पडवीत बसून राहावे लागणार नाही. नगरीतील एखादा सपाट रस्ता संध्याकाळी दोन तास मोटारींना बंद करणे हे तर प्रशासनाच्या एका हुकुमाचे काम आहे. आणि रुग्णाला घरी सोडताना जो कागद दिला जातो, त्यावर गोळ्यांच्या नावांखाली चालणे किती, स्थिर सायकल केव्हा, सपाट रस्ता कोणत्या महिन्यापासून आणि घाटी कोणत्या तपासणीनंतर, हे चार रकाने मराठीत छापून मिळावेत.